आत्याचा गाळा आणि सरकारी मक्तेदार

“साधं आहे हो मॅडम, सरकारी आहे.” हे वाक्य कानावर पडलं की अजूनही माझ्या कपाळाची शीर उठते. ज्यांनी ज्यांनी ते मला ऐकवलं, त्यांच्यातल्या कोणालाही पुढचा साधा प्रश्न विचारला, की मग या फंडाचा भाव मधेच खाली काहून येतो, तर तो घड्याळाकडे पाहायचा. साधं म्हणजे काय, हे ज्याला सांगता येत नाही त्यालाच सगळं साधं वाटतं, असं माझं मत आहे आणि मी ते कोणाची मनधरणी करण्यासाठी बदलणार नाही.

मी अमरावतीला म्युच्युअल फंड विकणाऱ्या एका खासगी कंपनीच्या शाखेत नोकरीला होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आमचे लोक भातकुलीकडचे, भाजी आणि फुलं लावणारे. बी.कॉम.ला मी अमरावतीत आत्याकडे राहून शिकले आणि नोकरी लागल्यावरही तिच्याकडेच राहत होते. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, फुलांची गाडी लावते. माझ्या कॉलेजच्या फीचा रुपया न् रुपया तिच्या झेंडू-शेवंतीतून आलेला आहे. हे ती कधी विसरत नाही, आणि मलाही विसरू देत नाही.

एका साली मुख्य कार्यालयाकडून फर्मान आलं. प्रत्येक शाखेने सरकारी रोख्यांच्या फंडाची, म्हणजे गिल्ट फंडाची, पारख करायची: हा सामान्य गिऱ्हाइकासाठी साधा आहे की गुंतागुंतीचा? साधा ठरला तर विकायचं काम सोपं, सही घेतली की झालं. गुंतागुंतीचा ठरला तर प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या भाषेत समजावून सांगायचं, त्याच्याकडून ते त्याच्या शब्दांत परत वदवून घ्यायचं, आणि मगच पैसे घ्यायचे. आमच्या शाखेचा तो कागद भरायचं काम माझ्याकडे आलं. कारण उघड होतं. बाकी कोणाला तो वाचायचा कंटाळा होता.

त्याच दिवसांत आत्याच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा मोठी रक्कम आली होती. आमच्या वावराची एक पट्टी रस्त्यात गेली, सरकारने मोबदला दिला आणि माझ्या वडिलांनी बहिणीचा हिस्सा तिने न मागता तिला दिला. आमच्याकडे असं सहसा होत नाही, म्हणून हे मी मुद्दाम लिहिते. त्या पैशाचं काय करायचं हे आत्याचं ठरलेलं होतं. फुलबाजारात तिच्या गाडीच्या समोरच एक गाळा होता. गाळेवाला पुढल्या दिवाळीनंतर मुलाकडे नागपूरला कायमचा जाणार होता आणि त्याने आत्याला शब्द दिला होता. दर उन्हाळ्यात ओल्या पोत्याखाली फुलं झाकून, पोलिसाने हाकललं की गाडी ढकलत फिरलेल्या बाईला डोक्यावर पत्रा पाहिजे होता. एवढंच. दिवाळीनंतर पैसे पूर्ण हातात पाहिजेत, थोडे कमी पडले तरी गाळा दुसऱ्याचा. रांगेत दुसरा उभाच होता.

आमच्या मॅनेजरला हे कळलं, कारण आत्या एकदा माझा विसरलेला डबा द्यायला शाखेत आली आणि गाळ्याच्या पैशाचं बोलून गेली. मॅनेजर तिला खुर्ची देऊन “आत्या, आत्या” करू लागला. माझी आत्या त्याची आत्या कधी झाली ते मला कळलं नाही.

“बँकेत पैसे झोपून राहिले आत्या,” तो म्हणाला. “आपल्याकडे टाका. सरकारी आहे.”

“सरकारी म्हंजे पोस्टासारखं काय?” आत्याने विचारलं.

“त्याहून भारी.”

मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातले साहेब आले. इस्त्रीचा शर्ट, हातात मोठा मोबाईल, आणि ओठांवर ते हसू. ते हसू मला ओळखीचं होतं. कॉलेजात पहिल्या वर्षी मी “मला”ऐवजी “मले” म्हटलं की मागच्या बाकावर तेच हसू फिरायचं. साहेबांनी पारखीसाठी काही गिऱ्हाइकं बोलवायला सांगितली होती. मॅनेजरने फुलबाजारातल्या बाया बोलावल्या, पुढे आत्याला बसवलं, चहा आणि खारी सांगितली.

साहेबांनी माहितीपत्रक वाचलं. आपल्या मराठीतच वाचलं, पण असं की जसं कोणी पूजा सांगतं. मुदत, परतावा, जोखीम, बाजारभाव. वाचून झाल्यावर म्हणाले, “समजलं ना सगळ्यांना?”

“हौ,” सगळ्या बाया एका सुरात म्हणाल्या.

“छान,” साहेब म्हणाले आणि मला सांगितलं, “लिहा मॅडम. साधा.”

एवढ्यात आत्याने विचारलं, “पन मानूस कोन हाय?”

साहेबांना प्रश्न कळला नाही. मला कळला. आमच्याकडे वावर मक्त्याने देतात, म्हणजे वर्षाचे ठरलेले पैसे घेऊन दुसऱ्याला कसायला देतात, तेव्हा पहिला आणि बहुतेक वेळा शेवटचा प्रश्न हाच असतो. मानूस कोन हाय? पैसे बुडवणारा तर नाही? दारू पिणारा तर नाही? मक्तेदार चांगला निघाला की बाकीचं कोणी पाहत नाही. किती वर्षांसाठी दिलं, मधेच वावर लागलं तर काय, पुढे भाव वाढला तर काय, हे कोणी विचारत नाही. माझ्या आजोबांनी असंच एक वावर चांगल्या माणसाला इतक्या लांब मुदतीने दिलं होतं, की घरी लग्न निघालं तेव्हा ते वावर आपलं असून कामाचं नव्हतं. चांगल्या माणसाने एक पैसा बुडवला नाही. अडून बसलं ते आमचंच.

“मावशी, माणूस म्हणजे सरकार,” साहेब हसत म्हणाले. “सरकार कधी पैसे बुडवतं का?”

“मंग झालं तं,” आत्या म्हणाली. बाकीच्या बायांनी माना हलवल्या. खारीची बशी फिरली.

मी उठले. “साहेब, एक मिनिट,” म्हटलं आणि आत्याकडे वळले.

“आत्या, समज तू वावर दहा वर्षांसाठी मक्त्यानं दिलं. मक्तेदार एक नंबर. वर्षाचे पैसे वर्षाले आणून देते. पन दुसऱ्या वर्षी गावात मक्त्याचा भाव वाढला. शेजारीन जास्त घेऊन राहिली, तुले जुनेच भेटतात.”

“लिहून देल्लं तं तेच घ्या लागतीन.”

“बरोबर. अन् तेवढ्यात तुले गाळ्याचे पैसे भरायचे आले. तू तो मक्त्याचा कागद दुसऱ्याले इकायले गेली. थो किती देईन?”

आत्याने जराही विचार केला नाही. “कमी देईन.”

“काहून? मक्तेदार तं चांगला हाय.”

“असू दे ना बाप्पा चांगला. भाव वाढला न गावात. नव्या कागदाले जास्त भेटून राहिले, तं माह्या जुन्याले कोन पुसते?”

“बस. या फंडात असेच कागद आहेत, सरकारले पैसे दिल्याचे. व्याजाचा भाव वाढला की जुने कागद पडतात. सरकार पैसे बुडवत नाही, तरी तुह्ये कमी होतात. अन् आपल्या एका कागदाची मुदत सरली की वावर वापस येते. या फंडाची सरत नाही. फंडवाले जुना कागद इकतात, नवा लंब्या मुदतीचा घेतात. म्हून वाट पाहून बसली तरी अमुक दिवशी पूर्ण पैसे भेटतील, असं कोनी सांगू शकत नाही.”

आत्याच्या कपाळाला आठी पडली. ती साहेबांना म्हणाली, “मंग वावर वापस कधी भेटते?”

“अहो मावशी, कधीही!” साहेब म्हणाले. “आज सांगितलं की दोन-चार दिवसांत खात्यात.”

आत्याची आठी गेली. मला तिथेच त्या माणसाची चीड आली. तिने विचारलं होतं एक, त्याने उत्तर दिलं दुसऱ्याचं. पैसे कधी येतील ते सांगितलं. किती येतील त्याचं नाव काढलं नाही.

वर मला म्हणाले, “बघा मॅडम, दोन मिनिटांत तुम्ही समजावलंत आणि त्यांना समजलं. म्हणजे साधंच आहे की.”

“मी समजावलं म्हणून समजलं,” मी म्हटलं. “तुमच्या कागदाने नाही. आणि राहिलं का ते पाहा. विचारा त्यांना.”

साहेबांनी मोठ्या प्रेमाने विचारलं, “सांगा मावशी, काय समजलं?”

आत्याने बाजूच्या बायांकडे पाहिलं. रोज जिच्याशी गिऱ्हाइकावरून भांडण, ती शेवंतीवालीही तिथे बसली होती. आत्याने पदर सारखा केला आणि म्हणाली, “सरकारी हाय. मानूस चांगला हाय.”

“बघा,” मी म्हटलं.

ते “बघा” मी आजही मागे घेत नाही. पण त्या एका शब्दाने माझ्या घरात आग लागली.

“मॅडम,” साहेब निघताना हळूच म्हणाले, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल इतकं हळू, “तुम्हीच तुमच्या माणसांना कमी लेखता. आम्ही तर त्यांच्यावर विश्वास ठेवतो.”

ज्याला बायांचा प्रश्नही कळला नव्हता, तो मला माझ्या माणसांची किंमत सांगत होता.

संध्याकाळी घरी आत्या हार ओवत बसली होती. मी चप्पल काढेपर्यंतही ती थांबली नाही.

“झालं का समाधान?”

“कशाचं?”

“चार बायात मले अडानी ठरोलं थ्याचं! शेवंतीवाली येतानी काय म्हने मालूम हाय? ‘तुही पोरगी लय शिकली वं, आता तुलेच धडे देते.’ तुले शिकोलं कोनं? झेंडूनं शिकोलं तुले, झेंडूनं!”

“मी फंडाले गुंतागुंतीचा म्हटलं आत्या, तुले काही म्हटलं नाही.”

“एकच झालं थे. ज्याले कळते त्याले सादं अस्ते. गुताड्याचं हाय म्हंजे आमाले कळत नाई, हेच न? थो साहेब परका मानूस, थो म्हने मावशीले समजलं. अन् घरची पोरगी म्हने नाई समजलं!”

“थो साहेब तुले पैसे मागून राहिला. मी मागून राहिली का?”

“तू तं कायीच नाई मागत. तू फकस्त नाक कापतं.”

मग मीही सोडलं नाही. म्हटलं, “दिवाळीले पैसे कमी पडले तर तो साहेब गाळा देईन का तुले? तवा तुह्यं नाक कोठी राहीन?” तिने ओवलेला हार टोपलीत आपटला. “अशुभ बोलू नोको माह्या घरात,” म्हणाली. त्या दिवसापासून तिने माझा डबा भरणं बंद केलं. एका घरात राहायचो, एका नळाचं पाणी भरायचो, आणि बोलणं असं की भिंतीला सांगितल्यासारखं: “कोनाले जेवायचं असन तं भाकर झाकून ठेवली हाय.”

कागदावर मी “गुंतागुंतीचा” लिहिलं. खाली कारणंही लिहिली, अगदी घरच्या भाषेत. गिऱ्हाईक पैसे परत देणारा कोण ते पाहतं, मुदत पाहत नाही. पैसे बुडणं आणि भाव पडणं हे दोन वेगळे आहेत हे त्याला माहीत नाही. फंडाला शेवटचा दिवस नाही हे तर विकणाऱ्यालाही नीट माहीत नाही. हे शेवटचं वाक्य मॅनेजरच्या जिव्हारी लागलं.

“मॅडम, हे असं लिहिलं तर प्रत्येक गिऱ्हाइकाला बसून समजवावं लागेल. वदवून घ्यावं लागेल. कोण बसणार आहे?”

“मी बसते.”

“बसा मग,” तो म्हणाला. “अकोल्याला बसा.”

महिनाभरात बदलीचा हुकूम हातात. कागदावर माझं मत खोडून वरच्या कोणीतरी “साधा” असं लिहिलं होतं. त्याच्या खाली माझी सही जशीच्या तशी ठेवली होती. मी लेखी कळवलं की माझी सही काढा किंवा माझं मत ठेवा. उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

मग सुरू झालं रोजचं अमरावती-अकोला. एसटीत खिडकीची काच कधी बंद होत नाही, उन्हाळ्यात मूर्तिजापूरच्या पुढे वारा असा येतो की कोणीतरी चुलीपुढे बसवलं आहे. अकोल्याच्या शाखेत कूलर होता, तो मॅनेजरच्या केबिनकडे तोंड करून. काउंटरवर मी. आणि तिथे बसल्या बसल्या मला कळलं, की आत्याने अमरावतीच्या शाखेत जाऊन सगळेच्या सगळे पैसे त्याच फंडात टाकले. मॅनेजरने तिचा फोटो काढून शाखेत लावला. माझ्या जुन्या टेबलाच्या अगदी मागे.

वडिलांना फोन केला. म्हटलं, “बाबा, तुम्ही तरी समजवा.” ते म्हणाले, “बाई, तिचे पैसे हायेत. अन् सरकारी हाय म्हनते ना थे?” मी फोन ठेवला.

त्या वर्षी मी रोज संध्याकाळी त्या फंडाचा भाव पाहायचे. जेवणाआधी. कोणाला सांगितलं नाही. दिवाळी जवळ येत होती आणि मला डोळ्यांपुढे दिसायचं, की गाळेवाला कुलूप दुसऱ्याच्या हातात देतो आहे आणि आत्या गाडीचं ओलं पोतं पिळते आहे. मला ती माझ्याकडे येऊन “तुह्यं खरं होतं” म्हणायला नको होती. मला तिचा गाळा पाहिजे होता. आणि त्या साहेबाचं थोबाड उतरलेलं पाहिजे होतं. या दोन गोष्टी एकदम होणार नाहीत, हे मला समजत होतं.

झालं असं, की भाव पडला नाही. वाढला. व्याजदर उतरायला लागले, नवे कागद कमी व्याजाचे निघाले, म्हणून जुन्यांना मागणी आली. मक्त्याचा भाव गावात उतरला तर जुना कागद सोन्याचा होतो, त्यातलंच हे. वर्षभर व्याजदर चढले असते, तर भाव पडला असता आणि गाळाही गेला असता. आत्याने दिवाळीनंतर पैसे काढले, गाळ्याचे दिले, आणि वर उरले.

गाळ्याचं उद्घाटन रविवारी होतं, म्हणून मला जाता आलं. दाराला झेंडूचं तोरण, आत फुलं मांडायला नवा लाकडी फळा, त्यावर हळदीकुंकू. मधल्या खुर्चीवर आमचे मॅनेजर, अंगावर शाल, हातात नारळ. बाजारातल्या सगळ्या बाया गोळा. आत्याने मला पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आल्या का शिकलेल्या बाई! इचं ऐकलं अस्तं तं आजबी गाडीच ढकलली अस्ती म्या.”

बाया हसल्या. शेवंतीवाली सगळ्यात जोरात. मॅनेजरही हसला, पण थोडा सांभाळून, मी काय बोलीन याचा त्याला भरवसा नव्हता.

मी आत्याला विचारलं, “चांगलं झालं आत्या. पन पैसे वाढले काहून?”

“काहून म्हंजे?”

“काहून वाढले? पोस्टात एवढे वाढले नसते. इथं काहून वाढले?”

आत्याने मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने नारळाची शेंडी नीट केली. मग ती माझ्याकडे पाहून, हनुवटी वर करून म्हणाली, “मानूस चांगला हाय म्हून.”

माझा सगळा कागद, कारणांसकट, त्या एका उत्तरात आला होता आणि ऐकणारं तिथे कोणी नव्हतं. पैसे कमी झाले असते तर तिने म्हटलं असतं मानूस खराब निघाला. दोन्ही वेळा माणसाचा संबंध नव्हता.

“उरलेले बी तिथंच टाकले,” आत्या म्हणाली. “अन् या सगळ्या टाकून राहिल्या. शेवंतीवालीच्या पोरीचं लगन हाय उन्हाळ्यात, तेवढ्यात वाढतीन म्हने हे मॅनेजरसाहेब.”

शेवंतीवालीने मान हलवली. वर्षभर मला टोमणे मारणारी ती बाई माझ्याकडे अशी पाहत होती, की मीही आता कबूल करावं.

“उन्हाळ्यात लागणार असतील तर नका टाकू, काकू,” मी म्हटलं. “मुदत ठेवीत ठेवा.”

“झालं हिचं सुरू,” आत्या म्हणाली आणि मॅनेजरसाठी केलेला मोठा हार माझ्या हातात देऊन म्हणाली, “बोलनं पुरे. साहेबाले घाल.”

मी हार फळ्यावर ठेवला. आत्याचा चेहरा काळा पडला. मी तिच्या पाया पडले, कारण गाळा तिचा होता आणि तो तिने मिळवला होता. मग बस स्टँडवर गेले. त्याच संध्याकाळी मी अकोल्यात खोली पाहिली.

शेवंतीवालीने पैसे टाकले की नाही, मला माहीत नाही. आत्या सांगत नाही आणि मी विचारत नाही. अकोल्याच्या काउंटरवर मात्र अजून मीच बसते. अकोटहून, पातूरहून माणसं येतात, टोपी काढून काउंटरवर ठेवतात आणि विचारतात, “थो सरकारी फंड साधा हाय ना बाई?”

“नाही,” मी म्हणते. “पैसे कधी लागतील ते आधी सांगा.”

बहुतेक जण चिडतात. काही जण उठून केबिनमध्ये मॅनेजरकडे जातात, कूलरच्या वाऱ्यात. जाऊ द्या. जे बसतात त्यांना मी पहिल्यापासून सांगते: समजा, तुम्ही वावर दहा वर्षांसाठी मक्त्यानं दिलं.